मूल आणि सामान नेणारी सायकल कशी निवडावी?

जून महिना जवळ आला की घराघरात एक हिशेब सुरू होतो. शाळा दोन-तीन किलोमीटरवर आहे, रिक्षाचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत, घरातली मोटारसायकल कामावर जाते, आणि बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. मग सायकल घ्यायचे ठरते. सकाळी मुलाला शाळेत सोडायचे, येताना भाजी आणि किराणा आणायचा, दुपारी मुलाला परत आणायचे, एवढे काम तिच्याकडून हवे असते. दुकानात गेल्यावर मात्र बोलणे दुसरीकडेच वळते. गिअर किती, टायर किती जाड, रंग कोणता, याची चर्चा होते. मुलाचा पाय कुठे राहील, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आरोग्याच्या पानावर आज सायकलीचा धडा घेण्याचे कारण हेच आहे. सायकलवर डबलसीट बसलेल्या लहान मुलाचा पाय मागच्या चाकाच्या तारांत जाणे, ही हाडांच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची इजा आहे. ती दैवाने होत नाही, कारणाने होते. ते कारण सायकल घेतानाच दूर करता येते. म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे आहे: मूल न्यायचे असेल तर सायकल वेगासाठी घेऊ नका, ओझ्यासाठी घ्या. ओझ्यासह उभी राहणारी, ओझ्यासह थांबणारी आणि मुलाचा पाय चाकापासून दूर ठेवणारी सायकल हीच आपल्या कामाची सायकल.

आधी ओझे मोजा

चार वर्षांचे मूल साधारण १५-१६ किलोचे असते, सहा वर्षांचे २० किलोच्या आसपास. मुलाची पाठ टेकणारी चांगली सीट ३-४ किलोची. दप्तर, पाण्याची बाटली आणि येतानाची भाजी मिळून आणखी ५ किलो धरा. एकूण झाले २८-२९ किलो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकीचे वजनही जवळपास तेवढेच असते. म्हणजे सहा वर्षांचे मूल, त्याचे दप्तर आणि थोडी भाजी नेणे हे भरलेला सिलिंडर सायकलवरून नेण्यासारखे आहे. फरक इतकाच की सिलिंडर हलत नाही. मूल मागे वळून पाहते, कुत्रा दिसला की वाकते, झोप आली की एका बाजूला कलते.

ओझे कसे न्यावे हे आपल्या शहरांतल्या कष्टकऱ्यांनी केव्हाच शोधून काढले आहे. सिलिंडर पोहोचवणारा माणूस टाक्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवतो. दूधवाला कॅन तसेच अडकवतो. कारण सोपे आहे. ओझे जितके खाली आणि दोन्हीकडे सारखे, तितकी सायकल कमी डुलते. ओझे जितके वर, तितकी ती लवकर कलंडते. मुलाला आपण खाली लटकवू शकत नाही, ते वरच बसणार. म्हणून बाकीचे सगळे सामान खाली गेले पाहिजे आणि सायकलही त्या वजनाला पुरणारी पाहिजे.

पाय चाकात जातो तेव्हा काय होते

मागे कॅरिअरवर बसलेल्या मुलाचे पाय लोंबतात. पायाला टेकायला जागा नसेल तर ते थकतात आणि आत वळतात. चाक फिरत असते. टाच तारांमध्ये शिरते आणि पुढच्या क्षणी चाक, तार आणि फ्रेमची नळी यांच्यामध्ये पाऊल चेंगरते. यात तीन प्रकारची हानी एकत्र होते. तारेने कातडी कापली जाते, दाबाने मांस चेंगरते, आणि चाकाच्या पिळाने घोट्याचे हाड मोडू शकते. टाचेच्या मागची जाड शीर, जिच्या जोरावर आपण चवड्यावर उभे राहतो, तीही दुखावू शकते.

या जखमेचा एक फसवा गुण पालकांनी लक्षात ठेवावा. पहिल्या दिवशी ती किरकोळ खरचटल्यासारखी दिसू शकते. पण आत चेंगरलेली कातडी पुढच्या काही दिवसांत काळी पडून मरू शकते, आणि मग जखम भरायला अनेक आठवडे लागतात. कधी दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते. तेवढे दिवस मुलाची शाळा बुडते, आणि दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या आईची किंवा बापाची रोजंदारीही.

असे झालेच तर पाय ओढून काढू नका. सायकल आडवी न पाडता कुणाला तरी धरायला सांगा, चाक हळूच उलटे फिरवून पाय मोकळा करा. निघत नसेल तर पक्कड आणून तारा कापा. तार स्वस्त आहे. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका, पाय उंच ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हळद, चुना, कॉफी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. एक्स-रेची गरज आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. पट्टी बांधून घरी आल्यावरही पुढचे काही दिवस जखम डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

ज्या देशांत घरोघरी सायकली आहेत, त्यांनी हा धोका कायद्यातच लिहून ठेवला आहे. जर्मनीच्या वाहतूक नियमांनुसार सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला सायकलवर न्यायचे तर त्याच्यासाठी वेगळी सीट हवी, पाय तारांत जाणार नाही अशी आड हवी, आणि चालवणारा किमान १६ वर्षांचा हवा. नेदरलँड्समध्ये आठ वर्षांखालच्या मुलाच्या सीटला पाठ, हात आणि पाय यांना पुरेसा आधार असावा लागतो. आपल्याकडे असा नियम विचारायला कोणी येणार नाही. तेव्हा तो आपणच आपल्या घरात लागू करायचा.

कोणत्या सायकली मिळतात आणि कोणती कशी

जुन्या वळणाची काळी सायकल. २८ इंची चाके, पुढे ३२ आणि मागे ४० तारा, जड लोखंडी फ्रेम, लांबरुंद कॅरिअर, दोन पायांचा डबल स्टँड, मडगार्ड आणि चेनकव्हर. ही ओझ्यासाठीच बनलेली आहे. मागच्या चाकाला आठ तारा जास्त आहेत त्या उगाच नाहीत, वजन मागच्या चाकावर येते म्हणून आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच सायकल वापरली. तिचे उणेपण दोन ठिकाणी आहे. मधली आडवी दांडी उंच असते, त्यामुळे मागे मूल बसलेले असताना पाय टाकून चढता येत नाही. आणि तिचे दांड्यांचे ब्रेक पावसात भिजलेल्या चकचकीत लोखंडी रिमवर नीट धरत नाहीत.

लेडीज सायकल. दांडी खाली वाकलेली, पाय पुढून सहज टाकता येतो, बहुतेक वेळा चेनकव्हर, मागच्या चाकाला साडीगार्ड आणि पुढे बास्केट असते. मूल नेण्यासाठी साध्या सायकलींत आम्ही हिलाच पहिला क्रमांक देऊ. मूल मागे सीटवर बसल्यावर पाय मागून फिरवून टाकणे शक्यच नसते. तेव्हा पुढून पाय टाकता येणारी फ्रेम ही आईची जेवढी गरज आहे तेवढीच बापाचीही आहे. ‘ही बायकांची सायकल’ म्हणून कोणी पुरुष मागे सरत असेल तर त्याने स्वतःला विचारावे, मुलाला सांभाळून नेणे हे फक्त बायकांचे काम आहे काय? नाव दुकानदाराने दिले आहे. सायकल घरातल्या सगळ्यांची आहे.

जाड टायरची गिअरची सायकल. तरुणांना हीच आवडते. पण तिला बहुधा कॅरिअर नसते, मडगार्ड नसते, चेनकव्हर नसते आणि स्टँड एका बाजूचा असतो. मागाहून जोडलेले कॅरिअर सीटखालच्या नळीला एकाच ठिकाणी आवळलेले असेल तर ते फार तर डबा किंवा एखादे दप्तर सांभाळेल. त्यावर मूल कधीही बसवू नये. मागे शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल तर या कामाला घेऊच नये, कारण तिच्यावर कॅरिअर पक्के बसत नाही आणि ओझे उसळत राहते. गिअरचा उपयोग खरा आहे, पण तो चढावर. नागपूरसारख्या बऱ्याच अंशी सपाट शहरात एका गिअरवर भागते. पुण्यात कात्रज किंवा धायरीच्या बाजूला राहणाऱ्यांना गिअर लागतील. तसे असेल तर मडगार्ड, पक्के कॅरिअर आणि खाली वाकलेली फ्रेम असलेली शहरी धाटणीची गिअर सायकल शोधा.

लांब मागची आणि पुढे पेटी असलेली सायकल. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये पुढे मोठी लाकडी पेटी असलेल्या सायकली घरोघरी दिसतात. दोन-तीन मुले पेटीत बसतात, समोर डोळ्यांपुढे राहतात. मागचा भाग लांबवलेली, दोन मुले एकामागे एक बसतील अशीही सायकल असते. आपल्याकडे त्या कमी दिसतात आणि महाग पडतात. त्यापेक्षा मोठी अडचण जागेची आहे. ती रात्री कुठे राहील? चाळीच्या बोळात वळेल काय? जिना चढवता येईल काय? तळमजल्यावर स्वतःची जागा असेल आणि रोज दोन मुले न्यायची असतील तरच तिचा विचार करावा. मागे ओढायची दोन चाकांची गाडी मात्र आपल्या रहदारीत नको. ती इतकी बुटकी असते की बस किंवा ट्रकच्या चालकाला दिसतच नाही.

बॅटरीची सायकल. गुडघे दुखणाऱ्यांना, चढावर राहणाऱ्यांना ही मोठी मदत आहे. केंद्राच्या मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद होणारी पायडलची सायकल ही मोटार वाहनात धरत नाहीत. तिला नोंदणी किंवा चालक परवाना लागत नाही. दुकानदार ‘वेग वाढवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर जवळपास चौपट होते, आणि मागे मूल आहे. बॅटरी रात्रभर उशाशी किंवा जिन्यात चार्जिंगला लावून झोपू नका. पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

मुलाची जागा

एक वर्षाच्या आतले बाळ सायकलवर नेऊच नये. त्याची मान हेल्मेटचे वजन आणि खड्ड्यांचे हिसके सोसण्याइतकी मजबूत नसते. झोळीत बांधून, पोटाशी धरूनही नको. सायकल पडली तर बाळ आपल्याच अंगाखाली येते. आईने बाळाला घेऊन बसने किंवा पायी जावे. सायकल तेवढे दिवस थांबू शकते.

साधारण एक ते पाच वर्षांपर्यंत पाठ टेकणारी, खांद्यावरून पट्टे येणारी आणि पावलांसाठी खोलगट कप्पे असलेली सीट हवी. मागच्या सीटची मर्यादा सहसा २२ किलो असते, पुढे हँडलजवळ लावायच्या सीटची १५ किलो. सीटवर आणि कॅरिअरवर मर्यादा छापलेली असते, ती वाचून घ्या. पुढच्या सीटवर मूल नजरेसमोर राहते, पण हँडल जड होते आणि आपले गुडघे फाकवून पायडल मारावे लागते. मूल मोठे होऊ लागले की मागची सीटच बरी. मधल्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मूल बसवण्याची आपली जुनी पद्धत सोडून द्यावी. तिथे पाय टेकायला जागा नसते आणि पाऊल पुढच्या चाकाच्या अगदी जवळ येते. पुढचे चाक अडकले तर सायकल तोंडावर पडते.

मुलाने सीटची मर्यादा ओलांडली की ते कॅरिअरवर बसू लागते. तेव्हा चार गोष्टी करून घ्या: बसायला घट्ट बांधलेली गादी, धरायला सीटच्या मागे पक्की मूठ, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना पायदान, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी किंवा पत्रा. साडीगार्ड बहुतेकदा एकाच बाजूला असते. मुलाला पाय दोन आहेत. दुसऱ्या बाजूचे सायकलवाल्याकडून बसवून घ्या. मुलगी असो वा मुलगा, दोन्हीकडे पाय टाकूनच बसवा. एका बाजूला पाय सोडून बसल्यावर तोल जातो आणि दोन्ही पाय चाकाच्या एकाच बाजूला येतात.

हेल्मेट सायकलचेच घ्या. मोटारसायकलचे हेल्मेट लहान मानेला जड पडते. सायकल हेल्मेटवर ईएन १०७८ हा युरोपीय मानकाचा आकडा असेल तर चांगले. ते भुवयांच्या वर दोन बोटे यावे, कपाळ उघडे पडू नये, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट शिरावे. हेल्मेट घालणे ही फक्त मुलाची शिस्त नव्हे. आपण उघड्या डोक्याने चालवत असू तर मूलही दोन वर्षांनी तेच करील.

साध्या सायकलवर दोन मुले बसवू नका. एकाला सायकलवर आणि दुसऱ्याला शेजारून चालवत, सायकल हाताने ढकलत नेणे हळू आहे, पण त्यात कोणी पडत नाही.

दुकानात घ्यायच्या पाच परीक्षा

पैसे देण्याआधी घरून एक गव्हाचे आणि एक तांदळाचे पोते न्या, दोन्ही मिळून १५ किलो भरतील असे. कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने ते आवळून बांधा. हेच आपले आजचे मूल. दुकानदार हसला तर हसू द्या.

पहिली, उभे राहण्याची. पोत्यासह सायकल स्टँडवर लावा आणि हँडल सोडा. मग पोते थोडे डावीउजवीकडे ढकला. सायकल हलता कामा नये. मुलांचे बरेच अपघात सायकल चालताना नव्हे, उभी असताना होतात. आई किंवा बाप कुलूप लावायला वळतो आणि सायकल मुलासह आडवी होते. म्हणून रुंद डबल स्टँड हवाच, आणि तो असला तरी मूल वर असताना हात सोडायचा नाही.

दुसरी, चढण्या-उतरण्याची. पोते मागे असताना पाय न अडकता चढता येते काय? सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात काय? न टेकले तर सीट खाली घ्या किंवा लहान फ्रेम मागा.

तिसरी, ब्रेकची. मोकळ्या जागेत चालण्याच्या दुप्पट वेगाने जा आणि दोन्ही ब्रेक एकदम पण सावकाश दाबा. सायकल सरळ रेषेत थांबली पाहिजे. मुठीचा दांडा हँडलला टेकत असेल तर ब्रेक सैल आहे. नंतर रिम ओले करून पुन्हा बघा. आपल्या पावसाळ्याचे चार महिने याच परीक्षेत येतात.

चौथी, डुलण्याची. हळू चालवा, अगदी चालत्या माणसाच्या गतीने. हँडल थरथरते काय? मागचा भाग शेपटीसारखा हलतो काय? तसे असेल तर कॅरिअर कमजोर आहे किंवा फ्रेम.

पाचवी, पायाची. मूल बरोबर असेल तर त्याला बसवून, कोणीतरी सायकल धरून, मागचे चाक हाताने फिरवा. मुलाला पाय हलवायला सांगा. पाऊल कुठूनही तारांपर्यंत पोहोचत असेल तर ती सायकल तशीच घरी न्यायची नाही. आड बसवून मगच न्यायची.

जुनी सायकल घेणाऱ्यांनी आणखी थोडे पाहावे. कॅरिअरचे बोल्ट जिथे फ्रेमला लागतात तिथे चीर किंवा गंज नको. पायडल पुढेमागे हलवून पाहा, ढिले वाटले तर कॉटर बदलावा लागेल. चाक फिरवून पाहा, लचकत असेल तर आउट काढून घ्या. ब्रेकचे रबर आणि टायर जुने असतील तर तेवढा खर्च किमतीत धरूनच भाव करा. पैसे मोजकेच असतील तर रंग आणि गिअर सोडा. स्टँड, ब्रेक, चाकाची आड, सीट आणि हेल्मेट, या क्रमाने खर्च करा.

सामान कुठे ठेवावे

पुढच्या बास्केटमध्ये हलकेच सामान, कोथिंबीर, डबा, छत्री. जड बास्केटने हँडल स्वतःहून वळते आणि मूल उतरवताना सायकल फिरते. हँडलला पिशवी अडकवू नका. ती झुलते, गुडघ्याला लागते आणि पुढच्या चाकात जाऊ शकते. कांदे, बटाटे, डाळ-तांदूळ कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या जाड पिशव्यांत सारखे वाटून घाला. अशा पिशव्या ताडपत्री किंवा जुन्या जीनपासून घरीही शिवता येतात. त्या चाकाच्या बाजूला टणक पुठ्ठा किंवा पातळ पत्रा घातला की मुलाच्या पायालाही आणखी एक आड मिळते.

दप्तर मुलाच्या पाठीवर असू नये. सीटवर बसल्यावर ते त्याला पुढे ढकलते आणि पट्टे नीट बसत नाहीत. ओढणी, पदर, शालीची टोके कमरेला घट्ट खोचून मगच निघा. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये गुंतून गळ्याला फास बसल्याच्या घटना आपल्या देशात झाल्या आहेत. मुलाच्या बुटाची नाडीही बांधलेली पाहिजे.

सामान आधी भरावे आणि मूल शेवटी बसवावे. उतरवताना उलटे, मूल आधी आणि सामान नंतर.

चालवणाऱ्याचे शरीर

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. शाळा तीन किलोमीटरवर असेल आणि आपण ताशी १२ किलोमीटरने गेलो, तर जायला १५ आणि यायला १५ मिनिटे. पाच दिवसांत १५० मिनिटे एका फेरीतच पुरी होतात. दुपारची फेरी वेगळी. मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वजन या तक्रारी असणाऱ्यांना व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, हा सायकलीचा मोठा लाभ आहे. औषधे चालू असणाऱ्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बाळंतपण किंवा सिझेरियन झालेल्या भगिनींनीही विचारल्याशिवाय ओझ्याची सायकल चालवू नये.

गुडघे दुखण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फार खाली असलेली सीट. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळपास सरळ व्हावा. मूल नेताना मात्र चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत. दोन्हींत ताण आला तर टेकणाऱ्या पायाला मान द्या आणि चढावर उतरून ढकला. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही.

मूल मागे नुसते बसलेले असते, आपण श्रम करत असतो. त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी आपल्याला घाम येतो तेव्हा मूल वाऱ्याने गारठते. त्याचे कान आणि छाती झाका. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारी उन्हात राहिलेल्या सायकलची सीट आणि बक्कल आधी हाताने तपासा, ओल्या फडक्याने पुसा, आणि मुलाला पाणी पाजूनच बसवा.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा मूल बसवू नका. तेच १५ किलोचे पोते बांधून विहारासमोरच्या किंवा शाळेच्या मोकळ्या मैदानात चढणे, वळणे, थांबणे यांचा सराव करा. मग रविवारी, रहदारी कमी असताना, शाळेचा रस्ता एकदा पोत्यासह फिरून या. सर्वांत जवळचा रस्ता हाच सर्वांत चांगला असेल असे नाही. पाच मिनिटे जास्त लागली तरी ट्रक नसलेली आतली गल्ली घ्या. उभ्या मोटारींपासून उघडलेल्या दाराइतके अंतर ठेवा.

दर आठवड्याला हवा तपासा. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, ओझे नेताना त्यापेक्षा फार कमी हवा नको. ब्रेकचे रबर, स्टँडचा बोल्ट आणि कॅरिअरचे नट हाताने हलवून बघा. तारांवरून बोट फिरवा, एखादी ढिली लागली तर लगेच आवळून घ्या. पावसाळ्यात चेन पुसून तेल द्या. मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा, पुढे घंटी असावीच. संध्याकाळी मुलाच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवलेली असेल तर मागच्या वाहनाला ते लांबून दिसते.

मुलाचे वजन वाढत जाते, पण सीटची मर्यादा वाढत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करताना तो आकडा सीटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन आकडे जवळ आले की सीट उतरवायची वेळ झाली. तेव्हा कॅरिअरवर गादी, मूठ, पायदान आणि दोन्ही बाजूंची जाळी आहे की नाही ते आधी बघा, आणि मगच मुलाला सांगा, ‘चल, बस.’